हात लावलेल्या मोटारी

इलेक्ट्रिक मोटारींच्या वाइंडिंगच्या धंद्यात मी एकतीस वर्षं काढली. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं एकाच वाक्यावर निभावली. ते वाक्य म्हणजे, "हात लावलाय." गिऱ्हाईक दारात दिसलं की त्यानं तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळा व्हायचो, "हात लावलाय, पावणं." पावणे समाधानानं बाकड्यावर टेकायचे, चहा प्यायचे आणि आपल्या गावाला जायचे. मोटर होती तिथंच असायची.

गंमत अशी, की हे वाक्य खोटं नव्हतं. मी खरोखरच हात लावलेला असायचा. त्यातच सगळी मेख होती.

बाहेरच्या माणसासाठी आधी धंदा सांगतो. मोटारीच्या लोखंडी कवचात आतल्या बाजूला खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेच्या कॉइल बसवलेल्या असतात. व्होल्टेज पडलं, लोड वाढला किंवा पाणी शिरलं, की ती तार तापते, तिच्यावरचं आवरण जळतं आणि मोटर बसते. मग ती आमच्याकडं येते. आम्ही जळलेल्या कॉइलचं खाचेबाहेर आलेलं डोकं छिन्नीनं कापायचं, जुनी तार ओढून काढायची, प्रत्येक कॉइलला किती फेरे आहेत ते मोजायचं, तारेची जाडी मापायची आणि ते कागदावर लिहून ठेवायचं. तेवढ्याच फेऱ्यांच्या नव्या कॉइल करून खाचांत भरायच्या, सुतळीनं बांधायच्या, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं, जोडायचं आणि चालवून बघायचं. दहा हॉर्सपॉवरची मोटर, मध्ये कुणी बोललं नाही तर, दीड दिवसात भरून होते. वार्निश वाळायला एक रात्र वेगळी.

उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, त्या काळात आमच्यासारखी बरीच दुकानं होती आणि सगळ्यांची एक रीत होती. मोटर आली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ती खोलायची आणि कॉइलचं डोकं कापून टाकायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, काम सुरू झालं. आम्हाला ठाऊक असायचं, आता हा दुसरीकडं जात नाही. कारण एकानं कापलेली मोटर दुसरा वाइंडर सहसा घेत नाही. फेऱ्यांचा कागद पहिल्याकडं असतो, आणि उद्या काही बिघडलं तर खापर कुणावर फोडायचं हा प्रश्न असतो. एकदा डोकं कापलं, की मोटर आमची. याला आम्ही हात लावणं म्हणायचो.

उन्हाळा आला की चंगळ. मार्च ते मे व्होल्टेजचा खेळ चालायचा, उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारी धडाधड जळायच्या आणि माझ्या चौदा बाय दहाच्या गाळ्यात एका वेळी बारा-चौदा मोटारी आ वासून पडलेल्या असायच्या. कवचं जमिनीवर, झाकणं भिंतीला, बोल्ट डालड्याच्या डब्यांत आणि फेऱ्यांचे कागद, म्हणजे जुन्या कॅलेंडरचे तुकडे, ज्याच्या त्याच्या कवचात खोचलेले. सकाळी शटर वर केलं की मी दारातच उभा राहायचो. कुठून सुरुवात करायची हेच सुचायचं नाही.

माझ्याबरोबर सदाशिवमामा कामाला होते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. कॉइल भरण्यात त्यांचा हात असा, की त्यांनी बसवलेल्या तारा विंचरून ठेवल्यासारख्या दिसायच्या. माणूस कमी बोलणारा. मी त्यांना सकाळी एक मोटर धरायला सांगायचो, दहा वाजता ती सोडून दुसरी, दुपारी तिसरी. ते न बोलता उठायचे आणि दुसरीकडं जाऊन बसायचे.

कुणाची आधी करायची, हे कोण जास्त ओरडतो त्यावर ठरायचं. इचलकरंजीचे एक मागवाले होते. त्यांच्या शेडमधल्या मागांच्या छोट्या मोटारी माझ्याकडं यायच्या. माझ्याकडं फोन नव्हता, शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात होता. हे गृहस्थ तासातासाला तिथं फोन करायचे. मी काम टाकून जायचो, "हात लावलाय, शेठ," म्हणायचो आणि परत यायचो, तोवर कितवी खाच भरत होतो ते विसरलेलो असायचो. मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी. दुसरे एक मुरगूडचे पावणे. ते ओरडायचे नाहीत. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी माझ्यापुढं ठेवायचे आणि बाकड्यावर बसून नुसते माझ्या हातांकडं बघत राहायचे. सकाळच्या एसटीनं आले की संध्याकाळच्या एसटीपर्यंत. ओरडणारा परवडला. ह्यांच्या त्या बघण्यानं मी हातातलं टाकून त्यांची मोटर पुढं ओढायचो.

एक गोष्ट कबूल करायला आज हरकत नाही. कामाचा ढीग अगदी छातीवर बसला, की मी काम करायचोच नाही. म्हणजे बारकीसारीक कामं उकरून काढायचो. कुणाचा मिक्सर, कुणाचा टेबलफॅन, नाहीतर डब्यातले बोल्ट निवडत बसायचं. दिवसभर हात चालू आणि संध्याकाळी बघावं तर एकही मोटर दाराबाहेर गेलेली नाही. घरी मात्र मी थकलेला कर्ता पुरुष. वैशाख पौर्णिमेला आमच्या घरातले सगळे विहारात जायचे. एका वर्षी मी "तासाभरात आलोच" म्हणून दुकानात गेलो. संध्याकाळी बायको स्वतः खिरीचा डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा मी एका टेबलफॅनची जाळी पुसत होतो. डबा ठेवला आणि गेली.

अशा एका एप्रिलमध्ये शालाक्का आली.

कसबा बावड्यात तिची पिठाची गिरण होती. नवऱ्याची दोन बोटं गिरणीच्या पट्ट्यात गेल्यापासून तो डबे मांडायला आणि पीठ चाळायला मदत करायचा. गिरण चालवायची ती. पन्नाशीची, उंच, आवाज असा की चालू गिरणीवरून रस्त्यापलीकडं ऐकू जावा. दहा हॉर्सपॉवरची मोटर रिक्षात घालून ती सोमवारी सकाळी आली.

"मेस्त्री, बेस्तरवारपतोर व्हईल का? शुक्रवारपासनं लग्नाची दळणं हाईत. चार घरची घेऊन ठेवलीया."

माझ्या गाळ्यात त्या वेळी तेरा मोटारी खुल्या होत्या. गुरुवार शक्य नव्हता. पुढचा गुरुवारही कठीणच होता.

"व्हय की," मी म्हणालो. "आत्ता तुमच्यासमोर हात लावतो."

"नसंल व्हनार तर तसं सांगा. मी म्होरं जातो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना बऱ्याचदा पुरुषासारखं बोलतात.

"अक्का, तुमचं काम आणि न्हाय व्हनार?"

मी बोल्ट काढले, झाकण उचकटलं आणि तिच्यासमोर छिन्नीनं कॉइलचं डोकं कापलं. ती समाधानानं गेली. मी तार ओढली, फेरे मोजले, अठ्ठावीस. कॅलेंडरच्या तुकड्यावर लिहिले, तुकडा कवचात खोचला आणि ती मोटर भिंतीकडं सरकवली. चौदावी.

मंगळवारी मुरगूडचे पावणे आले. त्यांचीही दहाचीच मोटर, पण दुसऱ्या कंपनीची. तिचे फेरे चोवीस. पावणे बाकड्यावर बसले आणि बघू लागले. दुपारपर्यंत मी तग धरला आणि मग सदाशिवमामांना म्हणालो, "मामा, हीच धरू." गुरुवारी शालाक्का आली तेव्हा आम्ही दोघंही मुरगूडच्या मोटारीत डोकं घालून बसलो होतो. ती दारात थांबली.

"ही माझी न्हवं."

"तुमची भट्टीवर चढवायचीच बाकी हाय, अक्का." हे मात्र सरळ खोटं होतं.

"ही माझ्या मागनं आलीया. मी आलतो तवा हितं न्हवती." गिरणवालीची नजर. कुणाचा डबा कुणाच्या आधी आला, हे तिला पाठ असायचं.

मुरगूडची मोटर गेली. मग घाईघाईनं शालाक्काची घेतली. तुकड्यावर चोवीस लिहिलेलं होतं, चोवीसनं कॉइल केल्या. दोन्ही मोटारी सरकवताना तुकडे इकडचे तिकडं झाले होते, हे नंतर कळलं. मुरगूडच्या मोटारीत अठ्ठावीस फेरे भरले गेले होते. जास्त फेऱ्यांनी मोटर जळत नाही, नुसती अंग चोरून फिरते. पाणी कमी पडतंय म्हणून पावणे बरेच दिवस वेदगंगा नदीला दोष देत होते. कमी फेऱ्यांचं तसं नसतं. मोटर गरजेपेक्षा जास्त करंट ओढते आणि तापून जाते.

सोमवारी संध्याकाळी चाचणी घेतली. तारेला टाँग टेस्टर लावला, म्हणजे किती करंट ओढतेय ते काट्यावर दिसतं. काटा चढा होता. फार नाही, पण होता.

"मेस्त्री, काटा वर दिसतोय," सदाशिवमामा म्हणाले.

"बेअरिंग नवीन हाय. जाम असंल."

"असंल," ते म्हणाले आणि हात पुसायला गेले.

बेअरिंगमुळं एवढा चढत नाही, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. पुन्हा उघडायची तर अजून दोन दिवस जाणार होते. बाहेर चार माणसं उभी होती. मी स्विच बंद केला. मंगळवारी मोटर गेली, आणि बुधवारी दुपारी, गव्हाचा डबा अर्धा दळून झालेला असताना, जळाली.

ती पुन्हा रिक्षातून आली तेव्हा मला वाटलं होतं, तिचा तो आवाज आता अख्ख्या उद्यमनगराला ऐकू जाणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती आत आली, जमिनीवरच्या मोटारींवरून नजर फिरवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ह्या समद्या एकदम चालू हाईत?"

"व्हय."

"आनि झाल्यात किती?"

मी खाली पडलेला एक बोल्ट उचलून डब्यात टाकला.

"माझ्याकडं चौदा डबं आलं म्हनून मी चौदाबी एकदम गिरनीत वतत न्हाय, मेस्त्री. एकीच्या जोंधळ्यात दुसरीचं गहू पडलं तर बाया मला उभं कापत्याल."

"आत्ता लगेच घेतो, अक्का. समदं बाजूला ठेवतो."

"आनि ज्यांचं बाजूला ठेवशीला, त्यांनी काय करायचं?" ती वळली. "मी इच्यारलं हुतं. नसंल व्हनार तर सांगा म्हनलं हुतं. तुम्ही न्हाय म्हनला असता तर मी त्याच दिशी दुसरीकडं गेलो असतो."

मोटर ती दुसऱ्या वाइंडरकडं घेऊन गेली. त्यानं उघडली, फेरे मोजले आणि चूक काय झाली ते तिला सांगितलं असणार. म्हणजे फेरे चुकले हे तिला समजलं. काटा मला दिसला होता, आणि दिसूनही मी मोटर सोडली, हे मात्र मी आणि सदाशिवमामा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्नाची चार घरची दळणं गेली. बावड्यात तेव्हा नवी घरं होत होती, त्यांच्या कोपऱ्यावर एक नवी गिरण निघाली होती. तिकडं ती दळणं गेली आणि त्यांच्या मागोमाग रोजचे डबेही. बायकांना एका गिरणीच्या पिठाची सवय लागते, जाड की बारीक ते हाताला कळतं. पंधरा दिवस दुसरीकडचं पीठ मळलं, की हात तिकडचा होतो.

मी लगेच सुधारलो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तो उन्हाळा मी तसाच ढकलला. पाऊस सुरू झाल्यावर मोटारी येणं थांबलं आणि मग एका दुपारी रिकाम्या गाळ्यात बसून मी सदाशिवमामांना विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं? आपलं कुठं चुकतं?"

"मला तुम्ही एक मोटर द्या," ते म्हणाले. "ती झाल्याबिगर उठवू नका. बस."

तेवीस वर्षं वाइंडिंग करणाऱ्या माणसानं एवढंच मागितलं होतं, आणि तेही मी विचारल्यावर.

पुढच्या हंगामात मी तीन मोटारींचा नियम केला. एक तोडायला, एक भरायला, एक भट्टीत. चौथी खोलायची नाही. तिसरी दाराबाहेर गेली की मगच पुढची आत. बाकीच्या बाहेर व्हरांड्यात, बंद, बोल्टसुद्धा न काढलेल्या, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेल्या. फेरे कागदावर लिहायचे नाहीत, कवचावरच खडूनं लिहायचे. कवच हरवत नाही. आणि सकाळी अकरापर्यंत शटर अर्धं खाली. त्या वेळात फक्त कॉइल भरायच्या, कारण तेच सगळ्यात डोकं खाणारं काम. बोलायला यायचं असेल त्यानं संध्याकाळी पाच ते सहा यावं.

यात अक्कल काही विशेष नव्हती. कठीण होतं ते पावण्यांच्या तोंडाकडं बघून तारीख सांगणं.

"बारा दिवस? मेस्त्री, ऊस वाळंल की!"

"म्हणूनच आत्ता सांगतोय. समोरच्या गल्लीत दोन दुकानं हाईत, तिकडं विचारा."

"न्हाय न्हाय, तुमच्याकडंच ठेवतो. हात तेवढा लावून ठेवा की."

"हात लावत न्हाय. बाराव्या दिवशी मोटर देतो."

माणूस माझ्याकडं असा बघायचा, जणू मी त्याला पाणी पाजल्याशिवाय दारातून परत पाठवतोय. पहिल्या महिन्यात निम्म्या मोटारी आल्या पावली परत गेल्या. इचलकरंजीचे शेठ म्हणाले, "तुम्हाला मस्ती आलीया," आणि मस्ती आल्यासारखं वाटावं असाच माझा आवाज असायचा, कारण आतून मी घाबरलेलो होतो. घाबरलेला माणूस नकार फार तोऱ्यात देतो, हे माझं निरीक्षण आहे. मुरगूडचे पावणे शेंगा घेऊन आले. मी त्यांच्या बाकड्याचं तोंड रस्त्याकडं फिरवून ठेवलं होतं. त्यांनी ते उचललं, आतल्या बाजूला फिरवलं आणि बसले. पण मी मोटर बदलली नाही. संध्याकाळी जाताना ते म्हणाले, "आज लई काम झालं तुमचं." त्यांनी ते मोजलं होतं म्हणे.

खरंच झालं होतं. आधी आठवड्याला चार मोटारी जायच्या, आता सात जाऊ लागल्या. हात तेच, माणसं तीच, तासही उलट कमी. फक्त शोधाशोध, पुन्हा मोजणं, समजूत घालणं आणि दिलेल्या थापा लक्षात ठेवणं, एवढं गेलं. थापा लक्षात ठेवायला केवढं डोकं लागत होतं, हे त्या बंद झाल्यावर समजलं. हळूहळू गेलेली गिऱ्हाइकं परत आली. शेठही आले. "तारखेला मिळती म्हनं तुमच्याकडं," म्हणाले, जणू कुठून तरी ऐकीव बातमी आणली होती.

पुढं काही वर्षांनी एका कारखान्यानं, ज्याच्या मोटारी मी भरायचो, कामगारांसाठी वेळेच्या नियोजनावर व्याख्यान ठेवलं आणि मलाही बोलावलं. टाय लावलेला एक हुशार तरुण पडद्यावर चौकोन दाखवत होता. तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही, दोन्ही नाही. मी हात वर करून विचारलं, "साहेब, मोटर आणणारा प्रत्येकजण तातडीचं म्हणतो आणि प्रत्येकाचं खरंच असतं. मग कुठल्या चौकोनात घालायचं?" तो म्हणाला, "त्यासाठी आपल्याला नाही म्हणायला शिकलं पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला हे गिरणवालीनं आधीच सांगितलं होतं, आणि तिची फी अजून द्यायची राहिली होती.

तिच्याकडं मी गेलो नाही असं नाही. नवी पद्धत बसल्यावर, त्याच वर्षी, मी सायकल काढून बावड्याला गेलो. काटा दिसला होता, हे तिला सांगायचं असं ठरवून गेलो. गिरण चालू नव्हती. उंबऱ्याशी दोन डबे होते. नवरा चाळणी बाजूला ठेवून उठला, तिनं चहा टाकला.

"कसं चाललंय, अक्का?"

"बरं हाय की. आराम हाय."

हा आराम कसला ते दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर तीन मोटारींचा नियम. कसं आता फक्त तीनच खोलतो, कसा नंबर टाकतो, कशा आठवड्याला सात जातात. दहा मिनिटं मी माझं कौतुक सांगत होतो. ती पदरानं हाताचं पीठ झाडत ऐकत होती.

"चांगलं केलासा," ती म्हणाली.

मी चहा पिऊन परत आलो. दीड वर्षानं गिरण बंद झाली. त्याला मी एकटाच कारण होतो असं मी म्हणत नाही. नवी गिरण होती, नंतर घरोघरी घरघंट्या आल्या, कदाचित ती तशीही बंद झाली असती. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण ज्या पंधरवड्यात तिची गिऱ्हाइकं गेली, तो पंधरवडा मी तिला दिला होता.

मग महापुराचं वर्ष आलं. पंचगंगेचं पाणी शेतांतून वर चढलं आणि नदीकाठच्या मोटारी दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिल्या. पाणी उतरल्यावर ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्या, मिळेल त्यातून लोक चिखलानं भरलेल्या मोटारी घेऊन आले. एका सकाळी माझ्या दारात साठ-पासष्ट मोटारी होत्या. जुना मी असतो तर त्या सगळ्या दुपारपर्यंत खोलून ठेवल्या असत्या आणि संक्रांतीपर्यंत पुरवल्या असत्या.

मी स्टुलावर उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, की माझ्याकडून आठवड्याला सात होतील, जास्त नाही. गलका झाला. कुणी आईवरून शिवी दिली. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी त्या दिवशी कुठलंच दुकान सांगत नव्हतं. भिजलेली प्रत्येक मोटर नव्यानं भरावी लागत नाही. चालू न करता खोला, स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा, उन्हं नसतील तर आत दोनशे वॉटचा बल्ब लावून चार-पाच दिवस झाकून वाळवा आणि मग फक्त तपासायला आणा. तपासणी पाच ते सहा. निम्मे लोक शिव्या देत आणि निम्मे नुसतेच परत गेले. त्यातल्या पुष्कळशा मोटारी तशाच वाचल्या. एकतीस वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम म्हणाल तर ते हेच, आणि त्यात मी एकाही मोटारीला हात लावला नव्हता.

शालाक्काची आणि माझी शेवटची भेट त्याच महिन्यात झाली. ती आता बावड्याजवळच्या एका शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. शाळेची पाण्याची मोटर पुरात बुडाली होती, वाळवूनही वाचली नव्हती, आणि मुख्याध्यापकांनी ओळखीची म्हणून तिलाच पाठवलं होतं. केस पांढरे झाले होते. चालणं सावकाश. आवाज तोच.

"मेस्त्री, शाळंची हाय. पान्याबिगर पोरांचं शिजवायचं कसं? बाया घागरी वाहून दमल्या."

मी टेबलावरची मोटर उचलून खाली ठेवली आणि तिची वर घेतली. मी नियम मोडतोय, हे सदाशिवमामांच्या लक्षात आलं. सत्तरी गाठत आलेले मामा मान खाली घालून बसले.

"माझ्या आदी किती हाईत?" तिनं विचारलं.

"अकरा. पण ते बघतो मी."

"मग ही खाली ठेवा."

"अक्का, तुमची..."

"तवा असंच कुनाला तरी मधी घातलासा." ती रागावली नव्हती. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाली. "नंबर टाका. कदी देताय तेवढं सांगा. तवर आमी वाहतो पानी."

मी बारा नंबर टाकला. बाराव्या दिवसाची तारीख दिली.

बाराव्या दिवशी ती पाचला आली. मोटर तयार होती. मी टाँग टेस्टर लावून तिच्यासमोर चालवली आणि काटा तीनदा बघितला. ती आवाज ऐकत उभी राहिली. आयुष्यभर गिरणीजवळ उभं राहिलेल्या माणसाला मोटारीचा आवाज कळतो. "झ्याक हाय," ती म्हणाली. रिक्षावाल्यानं आणि मी मोटर उचलून रिक्षात ठेवली. ती चढायची थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलणार आहे, हे तिला कळलं असावं.

ते वाक्य मी दहा वर्षं तयार ठेवलं होतं. फार मोठं नव्हतं. अक्का, त्या संध्याकाळी काटा चढा होता, मला दिसला होता, तरी मी मोटर सोडली. एवढंच. म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पाच ते सहाची वेळ होती. तिच्या मागं नऊ माणसं आपापली मोटर तपासून घ्यायला उभी होती, आणि सहाला मी बंद करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

"चला, मेस्त्री. तुमचा खोळंबा नगो," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

मी पुढचा नंबर पुकारला.